जुंपून पाहिलेला लॅपटॉप

“एका बैलाच्या मानेवर दोन धन्यांचं जू. कोण्या शायण्यानं सांगतलं हे?”

बडनेरा सुटल्यावर, अमरावती-अकोला एस.टी.त, ही कुरकुर माझ्या कानापाशी चालली होती. कुरकुरणारे माझे सासरे, जानराव. मी त्यांना मामाजी म्हणते. ते माझ्याशी बोलत नव्हते, खिडकीशी बोलत होते. पण खिडकीपाशी मी बसले होते, त्यामुळे खिडकीच्या वतीनं उत्तर देणं मला भाग होतं.

“दोन धनी नाही मामाजी, धनी एकच. सकाळी औताले, संध्याकाळी गाडीले, एवढंच.”

“मंग तसं सांग ना! औताचा बैल येगळा रायते, गाडीचा येगळा. गाडीच्या बैलाले औताले जुपलं का तो दोन्हीकडून जाते.”

“असा एखादा नसतेच का, दोन्हीकडं चालणारा?”

मूर्तिजापूर येईपर्यंत मामाजींनी विचार केला असावा, कारण तिथं गाडी थांबल्यावर ते म्हणाले, “रायते. पण हजारात एक. अन् त्याले जुपून पाह्यल्याशिवाय समजत नाई.”

आम्ही अकोल्याला लॅपटॉप घ्यायला चाललो होतो.

दोन जुवांचं असं होतं. अमरावतीला राजापेठेत खुशालरावांच्या दुकानात मी मराठी टायपिंग करत असे. लग्नपत्रिका, ट्यूशन क्लासच्या प्रश्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, कुणाच्या तेरवीची पत्रं. ते अक्षरांचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालायचं, आणि तेही अंगठ्याएवढं एक कुलूप यूएसबीत खोचल्यावरच. आता अकोल्याच्या एका संस्थेकडून मला नवं काम सांगून आलं होतं. ही संस्था गावोगावी पाऊस आणि वारा मोजायची यंत्रं बसवत होती. यंत्राला केबल लावून आकडे काढायचे, आणि आकडे काढणारा त्यांचा प्रोग्राम फक्त लिनक्सवर चालायचा. मग त्या आकड्यांवरून ‘आज फवारू नका, उद्या वारा पडेल’ असं चांगल्या ठसठशीत मराठीत छापून पारावरच्या फळ्यावर लावायचं. म्हणजे परत विंडोज, परत ते कुलूप. गावात लोडशेडिंग, म्हणून बॅटरीवर चालणारं यंत्र हवं. संस्था लहान, म्हणून ते ज्याचं त्यानं आणायचं.

संस्था चालवणारी प्राजक्ता माझ्या मुलीच्या वयाची. फोनवर ती स्वच्छ बोलली होती. “काकू, एकाच लॅपटॉपवर दोन्ही चालायला पाहिजे. सोमवारी पहिल्या गावाला निघायचं आहे. नाही जमलं तर मला दुसरं कुणी बघावं लागेल. पेरणीच्या आधी फळे सुरू झाले पाहिजेत.”

आज शनिवार होता.

आणि हे काम मला हवं होतं. फार हवं होतं. मी बारावी झालेली, लग्न होऊन नांदगाव पेठेच्या अलीकडच्या गावात आलेली बाई. कुठंही गेलं की लोक विचारायचे, कितवी शिकल्या? प्राजक्तानं पहिल्याच फोनला विचारलं होतं, “काकू, तुम्हाला काय काय येतं?” इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. उत्तर देताना मला घाम फुटला, कारण मलाही ते ठाऊक नव्हतं.

लिनक्स मी शिकले ते दुकानातल्या व्हायरसच्या कृपेनं. गिऱ्हाइकं पेनड्राइव्ह घेऊन यायची आणि पत्रिकेसोबत रोग देऊन जायची. एका इंग्रजी मासिकाबरोबर फुकट सीडी मिळाली, ती मी दुकानातल्या सगळ्यात रोगट कॉम्प्युटरवर चढवली. अडले की इंटरनेटवर विचारायचं. माझं इंग्रजी म्हणजे सिग्नल तोडून जाणारी ऑटो. तरी कोण कुठली माणसं, ज्यांचं तोंड मी पाहिलं नाही, ती रोज उत्तर द्यायची. एकानं तर मला चुकून ‘सर’ म्हणून तीन पानं समजावून सांगितलं. त्या माणसाला मी मनात अजून हळदीकुंकू लावते.

घरी मात्र माझ्या कामाला एक ठरलेलं नाव होतं: वरखर्च. सुभद्रा वरखर्चापुरतं कमावते. तेल, साबण, पोरांच्या फिया, मोटरीची दुरुस्ती, आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, डोळ्यांचं ऑपरेशन, सारं वरखर्चातच बसायचं. मूळ खर्च कुठला, तो कुणी विचारत नसे. ते दिवस वाईट होते. कपाशी बोंडावर येऊन बसायची आणि मन मोडून जायची. टीव्हीवाल्यांच्या गाड्या रडणारी तोंडं शोधत गावात फिरायच्या. एकदा आमच्या दारी थांबल्या, तर मामाजी त्यांना म्हणाले, “आमच्या इथं सारे जित्ते हायेत बाप्पा, पुढं जा.” घरात सारे जिवंत होते, जेवून-खाऊन होते, पोरं शाळेत होती. ते कशावर, हे माझे घरधनी देवमन जाणत होते, आत्याबाई जाणत होत्या. पण बोलायचं नाही. शेत करणाऱ्याचं घर शेतावरच चालते, हे मामाजींच्या तोंडावर लिहिलेलं कुणी पुसायचं? मीही कधी पुसलं नाही. ‘वरखर्च’ म्हणत राहिले. शब्द जड नव्हता, उचलून ठेवता येत होता.

मामाजी सोबत का, तर आमच्या घरची रीत. चार पायांचं काहीही घ्यायचं तर मामाजींनी निवडायचं. अख्ख्या पंचक्रोशीतून लोक त्यांना बैलबाजाराला घेऊन जात. खांदा पाहत, खूर पाहत, शेपटीला पीळ देऊन चाल पाहत. पण आमची शेवटची जोडी विकली, त्यानंतर भाड्याचं ट्रॅक्टर आलं आणि गावातल्या दावणीच रिकाम्या झाल्या. कुणी बोलवायला येईना. परवा मी देवमनना सांगत होते की शनिवारी लॅपटॉप पाहायला जाते, तर ओसरीवरून आवाज आला, “एकटी जाशीन? दलाल लोक फसवतीन तुले.” आणि शनिवारी सकाळी ते धुतलेलं धोतर, खांद्यावर दुपट्टा अशा बाजाराच्या पोशाखात तयार.

राजापेठेत मी आधीच हात पोळून घेतले होते. तिथल्या मोठ्या दुकानात मी माझा पेनड्राइव्ह काढला. त्याच्यावरून लिनक्स चालवून पाहता येतं, लॅपटॉपच्या डिस्कला बोटही लागत नाही. तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, “मॅडम, सील तोडल्याशिवाय दाखवत नाही, आणि सील तोडलं की घ्यावाच लागेल.” असं न पाहता माझं लग्न झालं होतं, तेवढं एक पुरे होतं. मग टायपिंगच्याच धंद्यातल्या एका बाईनं सांगितलं, अकोल्याला नासिरभाईंकडे जा, ते चालवून पाहू देतात.

नासिरभाईंचं दुकान बसस्टँडपासून पायी जाण्यासारखं. माणूस पन्नाशीचा, गळ्यात चष्मा, बोलण्यात पाव भाग वऱ्हाडी, पाव भाग हिंदी आणि उरलेला चहा. मी काम सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही मामाजींकडे वळून ‘बाबा, ताईंना काय पाहिजे?’ असं विचारलं नाही. याबद्दल मी त्यांची तिथंच ऋणी झाले.

“दोन्ही चालले पायजे ना ताई? तो फिर तीन गोष्टी पाहा. वायफाय पकडते का, झाकण लावून उघडलं तं उठते का, अन् गरम किती होते. अकोल्याचा मे महिना आहे. कंपनीनं मशीन बनवली थंड देशात, तिले काय मालूम.”

त्यांनी टेबलावर तीन लॅपटॉप मांडले. दोन नवे. तिसरा जाड, काळा, कोपरे घासलेला. कुठल्यातरी पुण्याच्या कंपनीतून उतरलेला, त्यांनी दुरुस्त करून ठेवलेला.

मी पेनड्राइव्ह शोधायला पर्समध्ये हात घातला. कुलूप, सीडी, रुमाल, एस.टी.ची तिकिटं, सारं निघालं, पेनड्राइव्ह तेवढा निघेना. तेवढ्या वेळात मामाजींनी निवड केलीसुद्धा. मोठ्या पडद्याचा, चकचकीत, लाल पाठीचा लॅपटॉप त्यांनी दोन्ही हातांनी उचलला. उलटा करून पाहिला. बोटानं ठोकला. वास घेतला.

“याची छाती पाय,” ते मला म्हणाले. “कशी रुंद हाय! हाच.”

आणि बंडीच्या खिशातून एक नाणं काढून त्यांनी नासिरभाईंच्या तळहातावर ठेवलं. “हा घ्या इसार.”

शहरातल्या माणसाला हे कळायचं नाही. बाजारात इसार दिला म्हणजे सौदा झाला. नाणं किती का लहान असेना, शब्द गेला. देणारा मागं फिरला तर नाणं जातं ते जातंच, वर बाजारभर बोभाटा होतो की अमक्याचा शब्द कच्चा. मामाजींनी आयुष्यात इसार मोडला नव्हता. आणि अजून मी तो लॅपटॉप चालूदेखील केला नव्हता.

नासिरभाईंनी नाण्याकडे पाहिलं. मग मामाजींकडे. हसले नाहीत. नाणं काउंटरवर, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं आणि म्हणाले, “ठीक हाय बाबा. इसार कबूल. ताई, तुमी आता जुपून पाहा.”

पेनड्राइव्ह चष्म्याच्या डबीत सापडला. लाल पाठीचा लॅपटॉप सुरू केला, लिनक्स आलं. पडदा खरंच सुंदर होता. वायफाय पकडलं. मामाजी माझ्या खांद्यावरून पाहत होते, आणि प्रत्येक गोष्टीला ‘हं’ म्हणत होते, जसा काही तो ‘हं’ म्हटल्यामुळेच चालत होता. मग मी झाकण लावलं. मनात एक ओवी होईल एवढा वेळ थांबले. उघडलं.

काळं. बटण दाबलं, काळं. पंख्याचा आवाज येत होता, म्हणजे जीव होता, पण उठायला तयार नाही. जबरदस्तीनं बंद केला, चालू केला, परत झाकण लावलं. परत तेच.

गावात यंत्राला केबल लावायची तर झाकण दहादा लावावं लागणार, एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जावं लागणार. दर वेळी हा असा बसला तर काढलेले आकडे जाणार. हा लॅपटॉप माझ्या कामाचा नव्हता. हे मला कळलं होतं, नासिरभाईंना कळलं होतं. आणि काउंटरवर नाणं होतं.

मी मामाजींकडे पाहू शकले नाही. मनात हिशोब करू लागले, की हाच घेऊन टाकावा, झाकण लावायचंच नाही, उघडाच छातीशी धरून फिरावं सगळ्या गावांतून, तान्ह्या पोरासारखा. बायका असेच हिशोब करतात. कुणाचा तरी शब्द राहावा म्हणून आपण कुठं कुठं वाकू शकतो याचा.

“काय झालं?” मामाजींनी विचारलं.

“काही नाही मामाजी. चांगला हाय.”

“चांगला हाय तं तोंड काहून उतरलं तुहं?”

नासिरभाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. लॅपटॉपचं झाकण स्वतः लावलं, उघडलं, काळा पडदा मामाजींकडे फिरवला आणि शांतपणे म्हणाले, “बाबा, बसका हाय.”

मामाजींनी एकदम मान वर केली. बसका बैल म्हणजे चालता चालता नांगराच्या तासातच बसणारा. मारा, ओढा, शेपटी पिळा, उठत नाही. बाजारात यापेक्षा मोठी खोड नाही.

“बसका?”

“तासात बसते. उठतच नाही. पाहा ना.”

“तुमाले बसका काय ते मालूम हाय?”

“माझे अब्बा बाजारात दलाल होते, बाबा. पंचवीस गावचे बैल त्यांच्या हाताखालून गेले. अन् बाजाराचा कायदा काय? बैल जुपून पाह्यला अन् बसला, तं इसार वापस. देणाऱ्याचा शब्द जात नाही. इकणाऱ्याचा जाते.” त्यांनी नाणं उचलून मामाजींच्या हातात दिलं. “गलती माझी. मी न पाहता टेबलावर ठेवला.”

गलती त्यांची मुळीच नव्हती. तो लॅपटॉप विंडोजवर खुशाल झोपत-उठत असणार, विकत घेणाऱ्या शंभरातल्या नव्व्याण्णवांना काही त्रास होणार नव्हता. पण त्यांनी ती सहज उचलून आपल्या खांद्यावर घेतली, आणि मामाजींच्या तोंडावरचा ताण असा उतरला की मी पाण्याची बाटली शोधायच्या निमित्तानं खाली वाकले.

“तुमच्या अब्बाचं नाव काय?” मामाजींनी विचारलं.

नाव निघालं, मग कोणता बाजार, कोण्या सालचा, तो पांढरा खिल्लारी कुणी नेला, असं करत दोघं बाकड्यावर जाऊन बसले. चहा आला. मी एकटी टेबलापाशी राहिले, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

दुसरा नवा लॅपटॉप वायफाय पकडेना. तो बाजूला ठेवला. तिसऱ्याकडे, त्या जाड काळ्याकडे वळले. त्याची कळपाटी वापरून वापरून मऊ झाली होती. लिनक्स आलं. वायफाय पकडलं. झाकण लावलं, उघडलं, पडदा उजळून माझ्याकडे पाहू लागला, जसं काही झोपलाच नव्हता. परत लावलं. परत उजळला. पेनड्राइव्ह काढून विंडोज सुरू केलं, सीडीवरून अक्षरांचं सॉफ्टवेअर चढवलं, कुलूप खोचलं. ‘आज फवारू नका’ लिहिलं. उमटलं. उकार जागच्या जागी, काना जागच्या जागी. बॅटरीवर ठेवून तासभर चालवला. तळाला हात लावला, तर ताज्या भाकरीइतपत गरम. चालेल. डिस्कमध्ये जागाही भरपूर होती. मधे एक धुरा, म्हणजे बांध, घातला की इकडं विंडोज, तिकडं लिनक्स, दोघं सुखानं नांदतील. ते काम मी घरी करू शकत होते.

“हा,” मी म्हटलं.

मामाजी उठून आले. काळ्या लॅपटॉपकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. “म्हातारा हाय.”

“कामाचा हाय.”

“दुसऱ्याच्या दावणीचा हाय. कोपरे घासले त्याचे.”

“घासले ते काम केल्यानं घासले ना मामाजी. बसून कोणाचे घासतात?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता रागावतील. पण ते म्हणाले, “झाकण लावून दाखव.” मी लावलं. “उघड.” उघडलं. उजेड त्यांच्या तोंडावर पडला. “आणिक एक डाव.” आणिक एकदा. मग ते बाजूला सरले. “तुनं पाह्यला, तुले पटला. झालं. आता भावाचं तेवढं मी पाहतो.”

आणि मी हसावं की काय करावं अशा बेतात असताना त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून काउंटरवर पसरला आणि त्याच्या खाली हात घातला. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. कापडाखाली दोघांचे हात, बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे चारचौघांत कुणाची इज्जत जात नाही. पण हे बैल विकणाऱ्यांना ठाऊक. कॉम्प्युटरच्या दुकानात, मागं वायरींच्या भेंडोळ्या आणि समोर माउसचे डबे, मला वाटलं, आता नासिरभाई विचारतील, बाबा हे काय?

नासिरभाईंनी बाही सारली आणि दुपट्ट्याखाली हात घातला.

दोघंही कुठंतरी छताकडे पाहत होते. कापड हललं. मामाजींनी मान हलवली, नाही. कापड परत हललं. नासिरभाई दुखल्यासारखे हसले. “बाबा, मार डालोगे.” परत हललं. मी पर्स छातीशी धरून उभी. पैसे माझ्या पर्समध्ये, आणि भाव कापडाखाली. शेवटी नासिरभाईंनी वरून दुसरा हात ठेवला आणि म्हणाले, “अल्ला बरकत दे.” काय ठरलं ते त्यांनी माझ्या कानात सांगितलं. मी ते कुणाला सांगणार नाही, कारण ते कापडाखालचं आहे. एवढं सांगते की मी एकटी असते तर इतकं मागायची माझी जीभ उचलली नसती. मी मामाजींच्या पायाला हात लावला. ते दचकले. “अवं, काहून?”

“असंच.”

नासिरभाईंनी बिलबुक काढलं. “नाव काय टाकू? सहा महिन्याची गॅरंटी देतो, नाव बराबर पायजे.”

माझ्या तोंडातून सवयीनं निघालं, “जानराव...” आमच्या घरी सारं मामाजींच्या नावानं. मोटर, मीटर, गॅस, रेडिओसुद्धा. आणि मी लगेच पुढं जोडलं, नेहमीसारखं हसून, “म्हणजे वापरणार मीच. थोडं वरखर्चाचं काम असते माझं.”

“थांबा,” मामाजी म्हणाले.

ते दुपट्ट्याची घडी घालत होते. घडी नीट बसेना, म्हणून उलगडून परत घालत होते. त्यांनी ना माझ्याकडे पाहिलं, ना नासिरभाईंकडे.

“सुभद्रा देवमन, असं लिहा. हिच्या नावानं. आता सोमवारपासून इथंच येत जाईन हे कामाले.” मग घडी खांद्यावर टाकली आणि बाजारात बोलावं तसं, दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ते बोलले. “वरखर्च-बिरखर्च काई नाई नासिरभाई. कितीक वर्सं झाले, आमचं घर हेच चालवून रायली. शेत तं आमी नुसतं नावाले करून रायलो.”